आधी समोरच्याची पाठ

त्यांनी मला भर दुपारी, वीस-पंचवीस परक्या पुरुषांच्या देखत, चड्डी काढायला लावली होती. त्याचा राग माझा अजून पुरता गेलेला नाही.

तेव्हा मी अमेरिकेतल्या अल्फारेटात नवीन होतो. सांगलीहून पुण्याला आणि पुण्याहून इकडे, कंपनीने जिथे फेकलं तिथे येऊन पडलो होतो. त्यांच्या घराचं बेसमेंट मी भाड्याने घेतलं. घरमालक म्हणून त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न "आंघोळ कशी करतोस?" हा होता. मला वाटलं, गरम पाण्याच्या बिलाबद्दल बोलतायत. मी म्हटलं, "काका, मी शॉवर फार वेळ घेत नाही."

"किती वेळ ते नाही विचारलं. कशी, ते विचारलं."

ह्या प्रश्नाला एखाद्या सुशिक्षित माणसाने काय उत्तर द्यावं? त्यांनी "हं" केलं आणि किल्ली दिली.

पुढच्या शनिवारी "चल की, गाडीत बस" म्हणून मला घेऊन निघाले. कुठे ते सांगितलं नाही. अर्ध्या तासाने गाडी एका अवाढव्य पार्किंग लॉटमध्ये थांबली. सगळ्या पाट्या कोरियन. एका टोकाला किराणा मालाचं दुकान आणि दुसऱ्या टोकाला बिनखिडक्यांची, गोदामासारखी इमारत. ते कोरियन लोकांचं सार्वजनिक न्हाणीघर होतं. बूट काढा, मनगटात किल्ली अडकवा, बायका डावीकडे आणि पुरुष उजवीकडे. आतमध्ये लॉकरपाशी काकांनी चष्मा काढावा तितक्या सहज अंगावरचं सगळं काढलं आणि काचेच्या दारातून वाफेत दिसेनासे झाले. मी माझ्या पिढीतल्या कुठल्याही मराठी मुलाप्रमाणे हॉस्टेलपासून चड्डीवर आंघोळ करत आलो होतो. मी चड्डी ठेवली, वर टॉवेल गुंडाळला आणि आत गेलो.

आत गेल्यागेल्या काळी हाफपँट घातलेला एक दणकट कामगार लांबूनच माझ्यावर ओरडला. शब्द कोरियन होते, पण बोट चड्डीकडे होतं. गरम पाण्याच्या कुंडात बसलेली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी मदतीसाठी काकांना शोधलं. ते भिंतीशी एका बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून अंगावर तांब्यासारख्या भांड्याने पाणी ओतत होते. मी हाक मारली. त्यांनी मान न वळवता मराठीत सांगितलं, "मी तुला ओळखत नाही. आधी ती काढ, मग ओळखतो."

परतीच्या वाटेवर मी गाडीत खिडकीकडे तोंड करून बसलो. काकांना त्याचं काहीच नव्हतं. "कपडे घालून जो आंघोळ करतो ना," ते म्हणाले, "तो आंघोळ करत नसतो, कपडे धूत असतो." मग त्यांनी खिशातून प्लास्टिकचं एक पाकीट काढून माझ्या मांडीवर टाकलं. त्यात खरखरीत कापडाची, पंजाएवढी हिरवी पिशवी होती. ती हातात चढवून अंग घासायचं. वज्रीने टाच घासतो तसं, पण सर्वांगाला. "ही तुझी. पुढच्या वेळी आण," ते म्हणाले. मी घरी येऊन ते पाकीट न फोडता खणाच्या तळाशी भिरकावलं.

काकांची सगळी हयात काउंटीच्या सांडपाण्याच्या प्लँटवर इंजिनिअर म्हणून गेली होती. "ह्या काउंटीतल्या प्रत्येकाच्या अंगावरचं पाणी माझ्या हाताखालनं गेलंय," असं ते समारंभात ओळख करून देताना सांगत. समोरच्याच्या हातात बहुधा जेवणाची प्लेट असे. टबबाथवर त्यांचा विशेष राग होता. टबात बसणं म्हणजे आपल्याच मळाच्या आमटीत बसणं, हे त्यांचं मत. म्हणून वरच्या मजल्यावरच्या टबात त्यांनी माती भरून कोथिंबीर लावली होती. प्रत्येक बाथरूममध्ये बादली आणि मग. पण सगळ्यात जास्त राग कशाचा असेल, तर लांब दांड्याच्या ब्रशचा. मोठ्या दुकानात आम्ही काही घ्यायला गेलो, की ते मुद्दाम त्या रांगेत मला नेत आणि तो ब्रश, ज्याने माणूस आपली पाठ आपणच घासतो, हातात घेऊन एखाद्या आरोपीसारखा माझ्यासमोर धरत.

"हे बघ. हे बघितलंस की ह्या देशात दुसरं काही बघायला नको. देवानं पाठ मुद्दाम हाताच्या पलीकडं ठेवली, की बाबा, जा, कुणाला तरी हाक मार. आणि ह्यांनी काय केलं? दांडा लावला!"

लोक बघायचे. मी शेजारच्या शाम्पूच्या बाटल्या वाचत उभा राहायचो.

काका मूळचे कोल्हापूरचे. लहानपणी तालमीत जायचे. तिथे पोरं एकमेकांची अंगं तेल लावून चोळायची, हौदातल्या मातीने घासायची, आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही. मग शिकायला अमेरिकेत आले. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांत काकू सोडल्या तर त्यांच्या पाठीला कुणी हात लावला नाही. काकू गेल्या. तेव्हा प्लँटवरच्या एका कोरियन सहकाऱ्याने, काही न बोलता, एका शनिवारी त्यांना ह्या न्हाणीघरात आणलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही गाडी चालवताना, रस्त्याकडे बघत.

तिथली जी रीत त्यांना सगळ्यात आवडली आणि जिच्यावरून माझं त्यांचं कायमचं वाजलं, ती अशी. गरम पाण्यात वीस मिनिटं बसून कातडी फुगली, की ती हिरवी पिशवी हातात घ्यायची. हात, पाय, पोट आपलं आपण घासायचं. पाठीची वेळ आली, की शेजारच्याला विचारायचं. ओळख लागत नाही. पिशवी दाखवली, की शेजारचा समजतो. काकांनी त्यात आपला एक नियम घातला होता. आधी समोरच्याची पाठ, मग आपली. आपली पाठ आधी पुढे करणारा माणूस त्यांच्या हिशेबी फुकट्या. स्वतः ते समोरच्याच्या खांद्यांना धरून त्याला वळवायचे, पाठ घासायचे, झाली की खांद्यावर दोन थापट्या मारायचे. दोन थापट्या म्हणजे आता तू. मग स्वतः वळून, मान खाली घालून बसायचे.

आणि घासणं म्हणजे कसं? मी पाहिलंय. पाठ लाल होते. मळाच्या काळ्या सुरळ्या निघतात आणि काका त्या चिमटीत धरून मालकाला दाखवतात. पैसे घेऊन अंग घासून देणारे कामगार तिथे होते, त्या काळ्या हाफपँटवाल्यासारखे. काका त्यांच्याकडे कधी गेले नाहीत. "त्याची पाठ मला कुठं घासायला मिळणार?" असं त्यांचं कारण होतं.

त्यांचा एक जोडीदार होता. काका त्याला पैलवान म्हणत. तो काडीसारखा बारीक, ऐंशीच्या पुढचा कोरियन म्हातारा होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि काकांना कोरियन. अकरा वर्षं, दर शनिवारी, दोघांनी एकमेकांच्या पाठी घासल्या. नंतर तिथलेच ढगळ टी-शर्ट आणि चड्ड्या घालून दोघे वरच्या गरम फरशीवर उताणे पडत, भाजलेली अंडी सोलून खात आणि तासभर अवाक्षर बोलत नसत. पैलवानाचं ऑपरेशन झालेलं काकांना टाक्यांवरून कळलं. पैलवान आठवडाभर नीट जेवत नाहीये हे बरगड्यांवरून कळलं. मी विचारलं, "काका, त्यांचं नाव काय?" तर म्हणाले, "आता अकरा वर्षांनी विचारायचं म्हणजे बरं दिसत नाही."

एकदा पैलवान आला नव्हता. काकांनी शेजारी बसलेल्या एका गोऱ्या, गोंदवलेल्या गड्याला पिशवी दाखवली. तो दचकून "आय ॲम गुड, थँक्स" म्हणाला. काका घरापर्यंत धुमसत होते. "गुड म्हणे! माझ्या मर्दा, सहा महिन्यांचा मळ पाठीवर घेऊन फिरालाईस आणि गुड?"

राहता राहिलो मी. मी दर शनिवारी जायचो, कारण ते न्यायचे आणि नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. हळूहळू चड्डीचीही सवय मोडली. पण पाठ मी दिली नाही. पहिल्यांदा सांगितलं, पुरळ आलंय. मग सांगितलं, गुदगुल्या होतात. त्यानंतर काकांनी विचारणं सोडलं. ते मला कुंडात एकटा बसलेला बघायचे आणि "भिज नुसता लाकडासारखा" म्हणून निघून जायचे. मला त्यांचा राग यायचा. कुणी सांगितलं होतं ह्यांना, की दुसऱ्याच्या पाठीत नाक खुपसा? माणसाला काही स्वतःचं असू नये का? असं मी मनात घोकायचो.

ह्याच रागाच्या भरात मी एक हलकटपणा केला. गणपतीत मंडळाचा कार्यक्रम होता. काकांचं न्हाणीघर हा तिथे दरवर्षीचा थट्टेचा विषय असायचाच. कुणाच्या तरी बायकोने विचारलं, "खरंच का रे, सगळे तसेच बसतात? ई गं!" मला चेव आला. मी उठून काकांची नक्कल केली. एका मित्राला खांद्यांना धरून वळवलं, त्याचा झब्बा वर केला, पाठ घासली, चिमटीत मळ धरून त्याला दाखवला. लोक हसून हसून वाकले. मग एकदम हसू थांबलं. काका माझ्या मागे मसालेभाताची प्लेट घेऊन उभे होते. त्यानंतरच्या शनिवारी त्यांनी नेहमीसारखं बेसमेंटचं दार ठोठावलं. "येतोस?" मी गेलो.

पुढच्या हिवाळ्यात पैलवान दोन शनिवार दिसला नाही. तिसऱ्या शनिवारी त्या हाफपँटवाल्याने खुणा करकरून सांगितलं, की त्याची मुलगी त्याला घेऊन गेली. टेक्सास. कायमचा. काका स्टुलावर बसून राहिले. पिशवी हातात चढवलेली. बऱ्याच वेळाने मला म्हणाले, "आज तू घे की माझी पाठ."

मी म्हटलं, "काका, ऑफिसचा कॉल आहे."

शनिवार होता. फोन लॉकरमध्ये होता. माझ्या अंगावर मनगटातल्या किल्लीशिवाय काही नव्हतं. हे सगळं त्यांना दिसत होतं.

"जा, घे कॉल," ते म्हणाले.

मी लॉकरपाशी टॉवेल गुंडाळून वीस मिनिटं बंद फोनकडे बघत बसलो. त्या दिवशी काका पाठ न घासता घरी आले.

मग माझं लग्न झालं, मी घर घेतलं, काकांच्या घरापासून वीस मिनिटांवर. पहिल्या दिवाळीला फराळ घेऊन गेलो. दुसऱ्या दिवाळीला मेसेज केला. वीस मिनिटांच्या रस्त्याला कशी सात वर्षं लागतात, हे कुणी मला विचारलं तर मी त्याच्यावरच चिडेन.

सात वर्षांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. हा दूर उत्तरेला, श्रूजबरीला राहतो, तिकडेच नोकरी, तिकडेच मुलंबाळं. मी त्याला आयुष्यात दोनदा भेटलो होतो. "यू वर द बेसमेंट गाय, राइट?" म्हणाला. काकांना विसरायला होऊ लागलं होतं. गॅस चालू राहायचा, रस्ता चुकायचा. म्हणून त्याने त्यांना अल्फारेटातल्याच वृद्धांच्या एका होममध्ये ठेवलं होतं. आधी इंग्रजी गेलं, आता मराठीही थोडंच राहिलं होतं. "ही इज ॲटॅकिंग पीपल, मॅन," तो म्हणाला. "माय डॅड! ते लोक त्यांना काढून टाकतील. गुरुवारी मीटिंग आहे. मी फोनवर असेन, पण यू स्पीक मराठी विथ हिम. कॅन यू गो?" त्याचा आवाज थकलेला होता. मी गेलो.

मीटिंगआधी मी काकांच्या खोलीत डोकावलो. ते खुर्चीवर बसले होते. माझ्याकडे बघून हसले, ओळखलं नाही. मी पाया पडायला वाकलो आणि माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या अंगाला वास येतोय. काकांच्या! ज्या माणसाच्या शेजारून गेलं तरी साबणाचा वास यायचा, त्याची मान आंबट, कुबट वासाने भरली होती. माझं डोकं तिथेच फिरलं.

मीटिंगला गुलाबी चष्म्याची एक मॅनेजर बाई होती, टेबलावर स्पीकरफोनमध्ये मुलगा होता, आणि दाराशी काकांना आंघोळ घालणारा कामगार उभा होता. हा इथिओपियाचा, पन्नाशीतला, शांत चेहऱ्याचा. बाईंनी फाइल वाचायला घेतली. मंगळवार: आंघोळीच्या वेळी रहिवाशाने कर्मचाऱ्याला दोन्ही खांद्यांना धरून भिंतीकडे फिरवलं. शुक्रवार: कर्मचाऱ्याचा शर्ट मागून वर ओढला. पुढचा मंगळवार: कर्मचाऱ्याच्या पाठीवर जोर लावून हात फिरवला. त्यानंतर स्वावलंबनासाठी रहिवाशाला लांब दांड्याचा स्पंज देण्यात आला. रहिवाशाने तो गुडघ्यावर मोडून कचऱ्यात टाकला. निष्कर्ष: रहिवासी आंघोळीच्या वेळी आक्रमक होतो आणि अयोग्य स्पर्श करतो. म्हणून तीन आठवडे पाण्याची आंघोळ बंद करून ओल्या फडक्यांनी अंग पुसण्यात येत आहे. ह्यापुढे दोन मार्ग आहेत. शांत राहायचं औषध सुरू करायचं, नाही तर तीस दिवसांत जागा सोडायची.

"ओके," फोनमधून मुलगा म्हणाला. "व्हॉट मेडिसिन?"

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, "त्यांनी तुमच्या पाठीवर नक्की काय केलं?"

त्याने हवेत हात करून दाखवला. वर, खाली, वर, खाली. "हार्ड," तो म्हणाला. मग जरा विचार करून, चाचरत म्हणाला, "लाइक ही इज वॉशिंग मी."

मी खुर्चीवरून उठलो. तीन वेळा! तीन वेळा एक माणूस ह्यांना चांगुलपणा दाखवत होता, आणि हे त्याची फाइल करत होते! त्याला आंघोळ घालायला माणूस आला, म्हणून तो आधी त्या आलेल्या माणसाची पाठ घासायला गेला. डोक्यातून नावं गेली, गाव गेलं, इंग्रजी गेलं, पण ही रीत गेली नव्हती. मी जमेल तेवढ्या इंग्रजीत सगळं सांगितलं. न्हाणीघर, हिरवी पिशवी, पैलवान, दोन थापट्या. बाईंनी मान तिरकी करून ऐकलं.

"दॅट्स ब्यूटिफुल," त्या म्हणाल्या. "आम्ही ह्याची सांस्कृतिक आवडीनिवडींमध्ये नोंद करू."

"म्हणजे औषध देणार नाही ना?"

"तो निर्णय वेगळा आहे. रहिवाशाने कर्मचाऱ्याच्या पाठीला हात लावणं आमच्या पॉलिसीत बसत नाही."

"मग ब्यूटिफुल कशाला म्हणालात?" मी ओरडलोच. "त्याला घाण वास येतोय! तुम्हाला येत नाही? तीस वर्षं त्याने ह्या गावाचं पाणी साफ केलं, आणि तुम्ही त्याला टेबल पुसल्यासारखं पुसताय!"

बाईंनी मला आवाज खाली घ्यायला सांगितला. त्यांचंही बरोबर असेल. मग फोनमधून मुलाचा आवाज आला, आधीपेक्षा बारीक. "ही यूज्ड टू डू दॅट टू मी. मी लहान असताना. इट हर्ट सो मच. बारा वर्षांचा झालो तेव्हा मी त्यांना स्टॉप करायला लावलं." थोडं थांबून म्हणाला, "लेट हिम ट्राय. प्लीज. मी काय साइन करायचं ते पाठवा."

शेवटी एवढं ठरलं, की शनिवारी, एकदा, कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली मी काकांना आंघोळ घालून बघायची. चार पानी फॉर्म होता. मी न वाचता सह्या केल्या.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. काकांना काढलं नाही. औषधही सुरू झालं नाही. त्या इथिओपियन माणसाने स्वतःच एक तोड काढली. मंगळवारी आणि शुक्रवारी आंघोळीला नेलं, की तो आधी बाही वर करून आपला हात कोपरापर्यंत काकांच्या पुढे धरतो. काका तो हात घासतात, दोन थापट्या मारतात आणि मग मुकाट्याने आंघोळ करून घेतात. फाइलीत हे कुठेही लिहिलेलं नाही. बाईंना माहीत असावं, पण त्या विचारत नाहीत. त्यांच्याबद्दल मला चांगलं म्हणता येईल असं हे एवढंच आहे.

त्या शनिवारचं मात्र सांगायचं राहिलं.

सकाळी मी बेसमेंटमधून आणलेलं जुनं खोकं उपसून ते पाकीट शोधून काढलं. हिरवी पिशवी तशीच होती, प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. बादली आणि मग घेतला. होमच्या आंघोळीच्या खोलीत भिंतीला धरायचे दांडे आणि भोकाभोकांची एक पांढरी खुर्ची होती. काकांना आम्ही त्या खुर्चीवर बसवलं. कपडे काढताना त्यांनी काही त्रास दिला नाही. पाणी चांगलं गरम होईपर्यंत मी थांबलो आणि अंगावर मगाने ओतत राहिलो, बराच वेळ, कातडी फुगेपर्यंत. काका डोळे मिटून बसले होते. इथिओपियन माणूस दाराशी, आमच्याकडे पाठ करून उभा होता.

मग मी शर्ट काढला, पँट काढली. काकांनी डोळे उघडले. त्यांची नजर माझ्या चड्डीवर गेली आणि कपाळावर त्या जुन्या आठ्या आल्या. त्यांनी बोट केलं.

"राहू दे काका," मी म्हटलं. "इथे पॉलिसी आहे."

ते हसले. का हसले ते त्यांना ठाऊक. मी पाकीट फोडून पिशवी त्यांच्या हातात चढवली, पुढ्यात ओल्या फरशीवर मांडी घालून बसलो, त्यांच्याकडे पाठ केली आणि मान खाली घातली. एक क्षण काहीच झालं नाही. मला वाटलं, गेलं हेही, उशीर झाला. मग माझ्या खांद्यांवर हात आले. त्यांनी मला थोडं डावीकडे वळवून नीट बसवलं आणि घासायला सुरुवात केली.

मी दात आवळून तयार होतो. इतकी वर्षं ज्या घासण्याला भ्यालो, ते आता पाठीवर येणार होतं. पण ती पिशवी पाठीवरून नुसती फिरत होती. वर, खाली, वर, खाली. लुगड्याचा पदर लागावा इतकी हलकी. मागे त्यांचा श्वास मोठमोठ्याने ऐकू येत होता. ते सगळी ताकद लावत होते, आणि ताकदच राहिली नव्हती. मला भयंकर राग आला. होमचा नाही, त्या बाईंचा नाही. बंद फोन हातात घेऊन लॉकरपाशी बसलेल्या त्या माणसाचा. तेव्हा ह्या हातात जोर होता.

"काका," मी म्हटलं, "जोरात घासा की."

त्यांनी हात थांबवला. मग पुन्हा सुरू केला, तसाच.

"अजून जोरात, काका. मळ आहे."